हौद्यातून बाहेर पडायचं कधी?

१९४७ साली देवास थोरल्या पातीचे महाराज विक्रमसिंहराव पवार कोल्हापूरच्या गादीवर गेले आणि छत्रपती शहाजी महाराज झाले. कोल्हापूर त्यांना परकं नव्हतं. त्यांचे वडील तिसरे तुकोजीराव हे राजर्षी शाहू महाराजांचे जावई, म्हणजे विक्रमसिंहराव शाहूंचे नातूच. चामुंडा आणि तुळजाभवानीच्या टेकडीखाली वसलेल्या माळव्यातल्या गावाहून हा राजा ज्या शहरात आला, तिथे आजोबांनी १९१२ सालीच खासबागेचं कुस्तीचं मैदान बांधून ठेवलं होतं. शाहू महाराज १९०२ च्या युरोपच्या दौऱ्यात रोमचं जुनं प्रेक्षागार पाहून आले होते आणि तसं काही आपल्या गावात असावं असं त्यांच्या मनाने घेतलं. मधोमध लाल मातीचा हौदा आणि भोवती चढत जाणारी बैठक, म्हणजे अगदी वरच्या माणसालाही कोणाची पाठ टेकली ते स्वच्छ दिसावं. नामांकित पैलवान गामाचा भाऊ इमामबक्ष या मैदानात लढून गेला.

धार आणि देवासच्या पवारांबरोबर अठराव्या शतकात जी मराठी घराणी माळव्यात आली, त्यांनी देवघराबरोबर तालीमही आणली. तालमीला तिकडे आखाडा म्हणतात आणि वस्तादाला उस्ताद किंवा खलिफा, पण रीत तीच. मारुतीची मूर्ती, हळद-ताक-तेल-लिंबू घालून मळलेली माती, पहाटेचे जोर आणि बैठका, नागपंचमीची दंगल. इंदूरला अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झांक्यांबरोबर आखाडे निघतात. पोरं लाठी-बनेटी फिरवत पुढे असतात आणि साफा बांधलेले म्हातारे उस्ताद त्यांच्यासोबत चालतात. या म्हाताऱ्यांना लढणं सोडून किती वर्षं झाली हे कोणी विचारत नाही. गावात त्यांची जागा ठरलेली आहे.

ही जागा आधी ठरलेली असणं फार मोलाचं आहे, कारण जड गटात लढणाऱ्या माणसाला, मग तो पैलवान असो की मुष्टियोद्धा, सर्वांत अवघड जाते ती एकच गोष्ट: थांबणं. या प्रकरणात मला दोन प्रश्नांचा विचार करायचा आहे. थांबायची वेळ झाली हे ओळखायचं कोणी? आणि माणूस थांबल्यावर त्याच्या सगळ्या लढायांचा हिशेब करायचा कसा?

पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर मी आधीच सांगून टाकतो. लढणाऱ्याने स्वतः ओळखायची ही गोष्ट नाही. त्याला ती ओळखता येत नाही आणि याचं कारण त्याच्या शरीरातच आहे.

हलक्या वजनाचा मुष्टियोद्धा पायांवर आणि चपळाईवर जगतो. तिशी आली की पाय जड होतात, आणि ते त्याला स्वतःला, प्रतिस्पर्ध्याला आणि प्रेक्षकांनाही दिसतं. हेवीवेटचं तसं नाही. त्याला समोरून येणारा ठोसा दिसून मान वळेपर्यंतचा वेळ वाढतो, दम लवकर सुटतो. पण ठोशातली ताकद सर्वांत शेवटी जाते. शंभर किलोच्या माणसाचा एक ठोसा पंचेचाळिसाव्या वर्षीही लढत संपवू शकतो. जॉर्ज फोरमनने ते करून दाखवलं. १९७४ च्या ३० ऑक्टोबरला किन्शासात मुहम्मद अलीने त्याला पाडलं, १९७७ साली तो निवृत्त झाला, धर्मोपदेशक झाला, दहा वर्षांनी परत आला. ५ नोव्हेंबर १९९४ ला सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या मायकेल मूररपुढे तो उभा राहिला तेव्हा अंगात किन्शासातलीच तांबडी चड्डी होती. नऊ फेऱ्या तो गुणांवर मागे होता. दहाव्या फेरीत एक-दोन, बस्स, आणि मूरर आडवा. पंचेचाळीस वर्षांचा माणूस जगज्जेता झाला.

ही गोष्ट मला अतिशय आवडते आणि मी तिला भीतही असतो. कारण प्रत्येक उतरत्या हेवीवेटला वाटतं की आपल्या मनगटात तो एक ठोसा शिल्लक आहे. असतोही. प्रश्न एवढाच, की तो ठोसा लागेपर्यंत डोक्यावर किती घ्यायचे.

१९८० हे वर्ष घ्या. २७ जानेवारीला दिल्लीत अलीने भारतीय सैन्यातल्या कौर सिंगबरोबर चार फेऱ्यांची प्रदर्शनी लढत केली. अली तेव्हा नुकताच अडतीस वर्षांचा झाला होता आणि निवृत्त म्हणवत होता. दीड वर्षापूर्वी, सप्टेंबर १९७८ मध्ये, लिऑन स्पिंक्सकडून त्याने किताब परत घेतला होता. तीनदा हेवीवेट जगज्जेता होणारा तो पहिला. पंजाबच्या संगरूरकडच्या जवानाशी गंमतीची लढत खेळायची, लोकांना खूश करायचं, असं म्हातारपण त्याला मिळालं असतं तर किती बरं झालं असतं! पण त्याच वर्षी २ ऑक्टोबरला तो लास वेगासमध्ये लॅरी होम्सपुढे उभा होता.

त्याआधी नेवाडाच्या अधिकाऱ्यांनी त्याला मेयो क्लिनिकमध्ये तपासून घ्यायला सांगितलं होतं. नाकाच्या शेंड्याला बोट लावणं, एका पायावर उडी मारणं अशा साध्या चाचण्यांत त्याची थोडी गडबड झाल्याची नोंद तिथल्या अहवालात होती. तरी परवाना मिळाला. वजन उतरवायला थायरॉइडच्या गोळ्या चालू होत्या. त्यामुळे आरशात तो जवान दिसू लागला, शरीर मात्र आतून रिकामं होत होतं. होम्स कधीकाळी त्याच्या सरावातला भिडू. त्या रात्री तो मारत होता आणि मारता मारता पंचांकडे पाहत होता, आता थांबवा म्हणून. दहावी फेरी संपली. अली स्टुलावर बसला. कोपऱ्यात दोन माणसं भांडत होती. बंडिनी ब्राऊन, अलीच्या गोटातला जुना साथी, आणखी एक फेरी मागत होता. प्रशिक्षक अँजेलो डंडीने त्याला झिडकारलं आणि पंचांना सांगितलं, लढत संपली. स्वतः अली काही बोलला नाही. विजेता होम्स नंतर रडला.

डंडीचा तो निर्णय बरोबर होता, पण पाच वर्षं उशिरा आला होता. अलीचा डॉक्टर फर्डी पाचेको १९७७ सालीच बाजूला झाला होता. अर्नी शेव्हर्सबरोबरच्या लढतीनंतर मूत्रपिंड बिघडल्याचा अहवाल त्याने अलीला, त्याच्या बायकोला, व्यवस्थापकाला आणि डंडीला पाठवला. कोणाचंच उत्तर आलं नाही, तेव्हा तो निघून गेला. होम्सनंतरही अली थांबला नाही. डिसेंबर १९८१ मध्ये नासाऊला ट्रेव्हर बर्बिकशी तो दहा फेऱ्या लढून हरला. १९८४ साली त्याला पार्किन्सनचं निदान झालं. मला विचाराल तर मेंदूच्या दृष्टीने त्याने १९७५ च्या मनिलातल्या लढतीनंतर थांबायला हवं होतं आणि नावाच्या दृष्टीने सप्टेंबर १९७८ ला. दोन्ही वेळा आसपासच्या प्रत्येकाला पुढच्या लढतीतून काही ना काही मिळायचं होतं.

डोक्याला बसणाऱ्या माराबद्दल वैद्यकाला उशिरा कळलं असंही नाही. हॅरिसन मार्टलँड या अमेरिकी डॉक्टरने १९२८ सालीच मुष्टियोद्ध्यांच्या अडखळत्या चालीवर आणि जड जिभेवर शोधनिबंध लिहिला. १९७३ साली इंग्लंडमध्ये कॉर्सेलिस आणि सहकाऱ्यांनी मृत मुष्टियोद्ध्यांचे पंधरा मेंदू तपासले आणि वारंवारच्या माराने आतली रचना कशी मोडते ते दाखवून दिलं. यात सर्वांत फसवी बाब अशी, की लक्षणं मार थांबल्यावर कित्येक वर्षांनी दिसतात. आज तपासणीत ठीक असलेला माणूस ठीक असेलच असं नाही. आणि मार फक्त लढतीत बसत नाही, सरावातही बसतो. अली तर सरावाच्या भिडूंना मुद्दाम आपल्याला मारू द्यायचा, अंग घट्ट होतं म्हणून.

कुस्तीत एवढं नाही, हे आपलं नशीब. पैलवानाचे कान फुटतात, गुडघे जातात, मान आखडते. उतारवयात तो जिना चढताना कण्हतो, पण नातवाचं नाव विसरत नाही. म्हणून पैलवानाने उशिरा थांबणं आणि मुष्टियोद्ध्याने उशिरा थांबणं ही एकाच पारड्यात टाकायची गोष्ट नव्हे. पैलवान उशीर करतो तेव्हा त्याचं नाव पणाला लागतं.

आपल्याकडे वयाचा विचार जुना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लविनोदाचं स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात मल्लांचे ज्येष्ठिक, अंतरज्येष्ठिक आणि गोवल असे वर्ग केले आहेत, त्यांचा आहार आणि सराव दिला आहे. मल्लाला सांभाळायचं ते राजाने, हे त्यात गृहीतच धरलेलं आहे. तालमीतही जोड वस्ताद लावतो. पोराला कोणाशी धरायचं आणि कोणाशी अजिबात धरायचं नाही, हे पोराला विचारून ठरत नाही. हाच अधिकार पुढे त्याला थांबवण्याच्या कामी येतो. वस्तादाने जोड लावणं बंद केलं की शिष्याने समजून घ्यायचं आणि लंगोट खुंटीला टांगायचा.

मुष्टियुद्धात हा अधिकार पैशाने विकत घेता येतो. प्रशिक्षक नोकरीवर असतो. एक नाही म्हणाला तर दुसरा मिळतो. हौशी मुष्टियुद्धात तरी नियमाने वय बांधलेलं आहे. ऑलिम्पिकसाठी वरची मर्यादा पूर्वी चौतीस होती, ती पुढे चाळीस केली. मेरी कोमने २०२४ च्या सुरुवातीला जाहीर कार्यक्रमात हीच खंत सांगितली, की भूक अजून आहे पण नियम खेळू देत नाही. तिच्याबद्दल वाईट वाटतं, तरी नियम असावा असंच मी म्हणेन. धंदेवाईक रिंगणात असा सरसकट नियम नाही, म्हणून लॅरी होम्स २००२ साली बावन्नाव्या वर्षी लढला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये अठ्ठावन्न वर्षांचा माईक टायसन एकतीस वर्षं लहान असलेल्या जेक पॉलपुढे उभा राहिला.

आता पैशाकडे येऊ, कारण न थांबण्याचं खरं मूळ बहुतेक वेळा तिथे असतं. जो लुईने १९३७ ते १९४९ किताब राखला, लागोपाठ पंचवीसदा. १ मार्च १९४९ ला तो जगज्जेता म्हणूनच निवृत्त झाला. इथे गोष्ट संपती तर त्याच्याइतकी देखणी कारकीर्द दुसरी नसती. पण अमेरिकी सरकारचा प्राप्तिकर थकला होता आणि लढण्यावाचून दुसरं काही त्याला येत नव्हतं. १९५० साली तो परत आला आणि एझार्ड चार्ल्सकडून हरला. २६ ऑक्टोबर १९५१ ला सदतीस वर्षांच्या लुईला रॉकी मार्सियानोने आठव्या फेरीत दोरांबाहेर पाडलं. पुढे लास वेगासच्या सीझर्स पॅलेसमध्ये पाहुण्यांचं स्वागत करण्याची नोकरी त्याने केली. अली आणि होम्स लढले ते त्याच सीझर्स पॅलेसच्या आवारात.

गामाची कथा याच्या जवळची आहे. दतियाच्या राजाने त्याला लहानपणी उचललं, नंतर पतियाळाने सांभाळलं. इंदूरचा अलीबाबा सैन, भोपाळचा प्रताप सिंग असे माळव्याच्या मुलखातले मल्लही त्याने पाडले. संस्थानांचा खुराक होता तोवर पैलवानाला उद्याची चिंता नव्हती. दूध, तूप, बदाम कोठीतून यायचे, आणि लढणं थांबलं तरी माणूस दरबाराचा असायचा. १९४८ साली धार आणि देवास मध्य भारतात विलीन झाली, देशभर हेच झालं आणि कोठी बंद झाली. गामा लाहोरला राहिला. १९५२ साली, सत्तरी ओलांडल्यावर, त्याने निवृत्ती जाहीर केली. लढायला समोर कोणी उरलं नव्हतं, हे खरं. पण घरात काही उरलं नव्हतं हेही तितकंच खरं. आजारपणात घनश्यामदास बिर्लांनी त्याला मदत केल्याची नोंद आहे. १९६० साली तो गेला. कौर सिंगचंही असंच. १९८२ च्या दिल्ली एशियाडचं हेवीवेट सुवर्ण, अर्जुन पुरस्कार, पद्मश्री, १९८४ चं ऑलिम्पिक, आणि २०१७ साली हृदयाच्या उपचारासाठी काढलेलं कर्ज. ती बातमी छापून आल्यावर सैन्याने मदत केली. तो २०२३ साली गेला. मात्र कौर सिंग १९८४ नंतर थांबला तो थांबलाच, कारण फौजेची नोकरी होती आणि गावाकडे शेती होती. पोटाची सोय असलेला माणूस वेळेवर थांबू शकतो.

मग या सगळ्यांना मोजायचं कसं? पहिला मोह शून्याचा असतो. मार्सियानो एकोणपन्नास लढती लढला, एकही हरला नाही आणि एप्रिल १९५६ मध्ये बत्तिसाव्या वर्षी निघून गेला. होम्स अठ्ठेचाळीसपर्यंत आला आणि सप्टेंबर १९८५ मध्ये मायकेल स्पिंक्सने त्याला एकोणपन्नासाव्याला अडवलं. पण मार्सियानोने कोणाला हरवलं ते पाहा. लुई सदतिसाचा, जर्सी ज्यो वॉलकॉट अडतिशीचा, आर्ची मूर चाळिशीला टेकलेला. मार्सियानो मोठाच होता. मात्र तो ज्या काळात आला त्या काळातले मोठे उतरणीवर होते. शून्य वाचताना समोरच्याचं वय वाचलंच पाहिजे. एकोणपन्नास विजयांपेक्षा मला लेनॉक्स लुईसचा हिशेब जास्त भावतो. तो दोनदा हरला, ऑलिव्हर मॅककॉलकडून आणि हसीम रहमानकडून, आणि दोघांनाही परत गाठून हरवलं. जून २००३ मध्ये व्हिताली क्लिच्कोबरोबरची लढत क्लिच्कोच्या जखमांमुळे सहा फेऱ्यांनंतर थांबली तेव्हा लुईस गुणांवर मागे होता. पुन्हा लढ म्हणून सगळे मागे लागले, मोठी रक्कम समोर होती, आणि फेब्रुवारी २००४ मध्ये तो किताब ठेवून घरी गेला. काहींनी त्याला पळपुटा म्हटलं. आपण उतरायला लागलो हे त्या सहा फेऱ्यांत ज्याला कळलं आणि ज्याने ते मानलं, असे हेवीवेट हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतील.

कुस्तीत मोजमाप आणखी वेगळं पडतं, कारण तिथे बरोबरी ही मोठी गोष्ट आहे. १० सप्टेंबर १९१० ला लंडनमध्ये गामाने पोलंडच्या स्तानिस्लॉस झ्बिश्कोला पहिल्या मिनिटातच खाली घेतलं. मग तो अवाढव्य माणूस मॅटला चिकटून अडीच तासांहून जास्त वेळ पडून राहिला. पाठ काही लागली नाही. कुस्ती बरोबरीत सुटली. आठवड्याने पुन्हा धरायचं ठरलं, झ्बिश्को आलाच नाही आणि जॉन बुल पट्टा गामाला मिळाला. कागदावर ही बरोबरीच. पण ती पाहणाऱ्या कोणाला वर कोण होता याची शंका राहिली नसेल. रहीमबक्ष सुलतानीवालाबरोबरची गोष्ट याच्या उलट. देहाने प्रचंड आणि वयाने उतरणीला लागलेल्या त्या मल्लाबरोबर गामाच्या कुस्त्या बरोबरीत सुटत राहिल्या, आणि लंडनहून आल्यावर अलाहाबादला त्याला हरवलं तेव्हाच गामा रुस्तुम-ए-हिंद ठरला. आपल्याला मिळालेला सर्वांत ताकदवान मल्ल कोण, याचं गामाचं उत्तर रहीमबक्ष हेच होतं. उतारवयात रहीमबक्षने गामाशी हात मिळवले नसते तर आज त्याचं नावही आपल्याला माहीत नसतं. म्हणजे उशिरा लढल्याने माणूस लहानच होतो असं नाही. कोणाशी लढला हे बघावं लागतं.

झ्बिश्को अठरा वर्षांनी भारतात आला. जानेवारी १९२८, पतियाळा. गामा पन्नाशीचा, झ्बिश्को त्याच्या थोडा मागे. दोघेही खरं तर नातवंडं खेळवायच्या वयाचे. या वेळी मॅट नव्हतं, माती होती. हात मिळाले आणि मिनिटाच्या आत झ्बिश्को चितपट. या कुस्तीने गामाच्या मोठेपणात काय भर घातली? माझ्या मते फारशी नाही. लंडनमध्ये अपुरं राहिलेलं उत्तर मिळालं, एवढंच. पण झ्बिश्कोचं कौतुक करायला हवं. हरणार हे बहुधा ओळखून तो समुद्र ओलांडून आला आणि जुनी बाकी चुकती करून गेला.

शेवटावरून माणूस मोजण्याची सवय आपल्याला फार आहे. देवासच्या तिसऱ्या तुकोजीरावांचंच पाहा. राज्य कर्जात बुडालं, १९३४ साली ते पाँडिचेरीला निघून गेले आणि १९३७ साली तिथेच वारले. आज त्यांची आठवण निघते ती बहुतेक या शेवटाचीच. इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली त्यांचा खासगी चिटणीस होता. त्याने मात्र पुढे लिहिलेल्या पुस्तकात तो प्रेमळ, भाविक, बुद्धिमान माणूस जपून ठेवला. लुईलाही असंच वाचायला हवं. मार्सियानोसमोर कोसळलेला लुई हा बारा वर्षांच्या राज्यानंतरचा लुई होता. पंचवीस वेळा राखलेला किताब त्या एका रात्रीने पुसला जात नाही. अलीची शेवटची दोन वर्षं त्याच्या डॉक्टरांच्या आणि दलालांच्या खात्यावर लिहावीत, त्याच्या खात्यावर नकोत.

थांबून परत येण्याचं एक उदाहरण देवासमध्येच घडलं, आखाड्यात नव्हे, गाण्यात. दहा-अकरा वर्षांच्या वयात मैफली गाजवणारे कुमार गंधर्व क्षयाने आजारी पडले आणि १९४८ साली हवापालटासाठी देवासला आले. कित्येक वर्षं गाण्याची मनाई होती. या सक्तीच्या थांब्यात त्यांच्या कानावर माळव्याची लोकगीतं पडली, आणि औषधाने बरे होऊन १९५०-५५ च्या सुमारास ते पुन्हा गायला लागले तेव्हा छातीचा दम पूर्वीचा नव्हता. त्यांनी गाणंच नव्या दमाला साजेल असं घडवलं. आज त्यांचं मोठेपण या दुसऱ्या पर्वावरच तोललं जातं. फोरमननेही हेच केलं. तरुणपणी तो पहिल्या तीन फेऱ्यांत सगळा दम उधळायचा. परत आला तो संथ, हात छातीशी घेऊन मागे न हटणारा, एका ठोशाची वाट पाहणारा. जुनंच पुन्हा करायला परत आलेले लुई आणि अली मार खाऊन गेले. माणूस नवं काही घेऊन परत येतोय का, हे त्याच्या वस्तादाने परवानगी देण्यापूर्वी पाहावं.

हिशेबातलं शेवटचं कलम लढती संपल्यावर सुरू होतं. हवा सिंग १९६१ पासून सलग अकरा वर्षं भारताचा हेवीवेट राष्ट्रीय विजेता होता आणि १९६६ व १९७० अशा दोन एशियाडची सुवर्णपदकं त्याने जिंकली. नंतर त्याने हरियाणातल्या भिवानीत पोरं घडवायला घेतली. २००० साली, द्रोणाचार्य पुरस्कार हाती पडण्याच्या काही दिवस आधी, तो वारला. आठ वर्षांनी बीजिंगला विजेंदर सिंगने भारताला मुष्टियुद्धातलं पहिलं ऑलिम्पिक पदक मिळवून दिलं, आणि विजेंदर भिवानीच्याच क्लबात तयार झालेला.

आपल्याकडे हे कलम गणपतराव आंदळकरांच्या नावावर मोठं भरतं. सांगली जिल्ह्यातल्या पुनवत गावचा हा मल्ल कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत आला, १९६० साली हिंद केसरी झाला. १९६२ च्या जाकार्ता एशियाडमध्ये जड गटात ग्रीको-रोमनचं सुवर्ण आणि फ्रीस्टाइलचं रौप्य त्याने आणलं आणि १९६४ साली तो टोकियो ऑलिम्पिकमध्ये उतरला. मग तो हौद्याच्या काठावर बसला. मोतीबागेचे वस्ताद म्हणून आंदळकरांनी २०१८ साली मृत्यू येईपर्यंत जी पोरं तयार केली त्यांत दादू चौगुले होते. दादू १९७० आणि १९७१ साली महाराष्ट्र केसरी झाले, १९७३ साली रुस्तुम-ए-हिंद, आणि १९७४ च्या क्राइस्टचर्च राष्ट्रकुल स्पर्धेत जड गटाचं रौप्यपदक त्यांनी जिंकलं. दादूंचा मुलगा विनोद २००० साली महाराष्ट्र केसरी झाला.